झाडपाला आणि विषाणु

महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं कावीळ झालेल्या माणसाच्या डोक्यावर काड्यांची एक माळ घालण्याची चाल आहे. आरंभीं ही माळ टोपीसारखी डोक्यावर बसते. दिवस जातात तशी ती लांबत जाऊन गळ्यांत येते, गळ्यांतून छातीवर उतरते आणि अखेरीस पायांतून निघून जाते. माळेबरोबर कावीळही उतरली, अशी घरच्या मंडळींची समजूत होते. माळेचें लांबणें कांहीं खोटें नसतें. ओल्या काड्या वाळून आकसतात, त्यांच्याभोंवतीं घातलेले दोऱ्याचे वेढे सैल पडतात आणि मोकळा झालेला दोरा माळेची लांबी वाढवितो. तीच माळ खुंटीवर टांगून ठेविली असती तरी तितकीच लांबली असती. रोगी बरा होतो हेंही बहुधा खोटें नसतें. घाणेरड्या पाण्यांतून पोटांत जाणाऱ्या विषाणूंमुळें जी कावीळ होते, ती धडधाकट माणसांत बहुतेक वेळां कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते. तिच्यांतील एक प्रकार गर्भवती स्त्रियांच्या प्राणावर बेततो, ही गोष्ट मात्र माळ घालणाराला ठाऊक नसते.

जी गोष्ट माळेची तीच पुष्कळ अंशीं झाडपाल्याची. पावसाळ्यांत परसांत, बांधावर, पायवाटेच्या कडेला वीतभर उंचीचें एक रोप उगवतें. त्याचीं पानें चिंचेच्या पानांसारखीं बारीक असतात आणि देंठाच्या खालच्या अंगाला मोहरीएवढ्या हिरव्या फळांची ओळ लोंबत असते. आवळ्याच्या आकाराचीं हीं इवलीशीं फळें पाहून लोकांनीं त्याला भुईआवळी असें नांव दिलें. काविळीवर भुईआवळीचा रस देण्याची वहिवाट फार जुनी आहे. वैद्यांच्या ग्रंथांतही ती आहे आणि आजीबाईच्या बटव्यांतही आहे. आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळींत या रसाला किती श्रेय द्यावयाचें, हें ठरविणें कठीण. परंतु कावीळ एक नाहीं. रक्तावाटे किंवा जन्माच्या वेळीं आईपासून मुलाला मिळणारा ‘बी’ जातीचा विषाणु कांहीं लोकांच्या यकृतांत जन्मभर घर करून राहतो. वरकरणीं माणूस निरोगी दिसतो, कामधंदा करितो. आणि वीसतीस वर्षांनीं त्याचें यकृत निबर होतें किंवा त्यांत कर्करोग उद्भवतो. अशा माणसाच्या रक्तांतून तो विषाणु झाडपाल्यानें जातो काय, हा प्रश्न रक्ततपासणीनें सोडवितां येण्याजोगा होता, आणि मद्रास येथें तो सोडविण्याचा यत्न झाला.

या विषाणूची खूण रक्तांत प्रथम ओळखणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लूमबर्ग यांना १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्यांनीं व त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांनीं भुईआवळीचा अर्क काचपात्रांत तपासला, तेव्हां विषाणूच्या वाढीला लागणाऱ्या एका एन्झाइमला तो अडथळा करितो असें दिसलें. पुढें मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन व त्यांचे सहकारी यांनीं विषाणु अंगांत बाळगणाऱ्या माणसांचे दोन गट केले. एका गटाला भुईआवळीची सुकी पूड तीस दिवस दिली, दुसऱ्याला दिसावयास तशीच पण गुण नसलेली पूड दिली. १९८८ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय पत्रांत त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या ३७ जणांपैकीं २२ जणांच्या रक्तांतील विषाणूची खूण नाहींशी झाली होती. दुसऱ्या गटांतील २३ जणांपैकीं केवळ एकाची. शेंकडा ५९ विरुद्ध शेंकडा ४! पायदळीं तुडविल्या जाणाऱ्या रोपानें असा चमत्कार करावा, याचा आनंद कोणाला होणार नाहीं?

पण शास्त्राची रीत अशी, कीं एकानें पाहिलेलें दुसऱ्याला दिसलें पाहिजे. १९९० सालीं थायलंडांत तोच प्रयोग झाला. तेथें विषाणु गेला नाहीं. १९९४ सालीं न्यूझीलंडमधून तसाच नकार आला. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणालें, वनस्पति तीच नव्हती; आणि या म्हणण्यांत तथ्यांश आहे. भुईआवळी या एका नांवाखालीं दिसावयास सारख्या तीनचार निराळ्या जाती बाजारांत येतात, व जुन्या पुस्तकांतून त्यांच्या लॅटिन नांवांचाही घोटाळा झालेला आहे. शिवाय एकाच जातीच्या रोपांतील गुणद्रव्यें जमीन, ऋतु आणि वाळविण्याची पद्धत यांप्रमाणें कमीजास्त होतात. हें सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. पुढें निरनिराळ्या देशांत झालेल्या चांचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां २०११ सालच्या समालोचनांत भुईआवळीच्या बाजूनें खात्रीलायक पुरावा आढळला नाहीं. मद्रासच्या मंडळींनीं अप्रामाणिकपणा केला असें मुळींच नव्हे. लहान गटांवरील प्रयोगांत दैव पुष्कळ खेळ करितें, एवढेंच. ज्याच्या अंगांत ‘बी’ जातीचा विषाणु आहे, त्यानें आज केवळ रसावर विसंबून राहणें धोक्याचें आहे. त्याला दडपून ठेवणाऱ्या गोळ्या आतां मिळतात आणि नवजात बालकाला तो लागूं नये म्हणून १९८० नंतरच्या दशकापासून लसही आहे. यांपैकीं कोणतीही वस्तु झाडांतून आलेली नाहीं.

विषाणूवर औषध शोधणें इतकें अवघड कां, हें समजण्यास त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. क्षयाचा किंवा विषमज्वराचा जंतु हा स्वतंत्र प्राणी आहे. तो स्वतःचें अन्न स्वतः पचवितो, स्वतःभोंवतीं भिंत बांधतो. पेनिसिलिनसारखें औषध जंतूच्या या भिंतीवरच घाव घालतें. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसल्यामुळें माणूस सुरक्षित राहतो. विषाणूला असा स्वतःचा संसार नाहीं. तो भाडेकरू म्हणून पेशींत शिरतो आणि घरमालकाच्याच चुलीवर, त्याच्याच भांड्यांत आपला स्वयंपाक करितो. चूल विझवावी तर मालकच उपाशी मरतो. म्हणून विषाणूनें स्वतःबरोबर आणलेली एखादी वस्तु, एखादी पळी किंवा विळी, शोधून तेवढीच मोडावी लागते.

वनस्पतींत असलें हत्यार सांपडावें अशी अपेक्षा कां करावी? झाडाला पळतां येत नाहीं. कीड, बुरशी आणि चरणारीं जनावरें यांपासून बचाव करण्यासाठीं तें नाना तऱ्हेचीं कडू, तुरट, उग्र व विषारी द्रव्यें तयार करितें. अशा द्रव्यांची संख्या कित्येक हजारांवर जाते. मौजेची गोष्ट ही, कीं विषाणूचा शोधच मुळीं वनस्पतींत लागला. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा रोग जंतूंना अडविणाऱ्या गाळणींतूनही पार होतो, हें रशियांत इव्हानोव्हस्कीनें १८९२ सालीं व हॉलंडांत बैजेरिंकनें १८९८ सालीं दाखविलें. परंतु आपल्यावर आलेल्या विषाणूशीं लढतांना झाडें मुख्यतः या कडू द्रव्यांवर अवलंबून नसतात; त्यांची ती लढाई पेशीच्या आंतल्या निराळ्याच युक्तीनें चालते. तेव्हां माणसाच्या विषाणूवर चालणारें द्रव्य झाडांत मिळालें, तर तो एक योगायोगच समजावा. हजारों कुलुपें आणि हजारों किल्ल्या एकत्र टाकल्या, तर एखादी किल्ली एखाद्या कुलपाला बसावयाची.

ही किल्ली बसली कीं नाहीं हें पाहण्याची पहिली जागा म्हणजे काचपात्र. त्यांत जिवंत पेशी वाढवितात, त्यांवर विषाणु सोडतात आणि मग वनस्पतीचा अर्क घालतात. वृत्तपत्रांतून अमुक पाल्यानें तमुक विषाणु मारला अशा ज्या वार्ता येतात, त्या बहुतेक या पायरीवरच्या असतात. साबणाचें पाणीही काचपात्रांत विषाणु मारतें. म्हणून तें कोणी पीत नाहीं. विषाणु अडविण्यास अर्क किती लागतो आणि पेशी मरण्यास किती लागतो, या दोन मात्रांत भरपूर अंतर असलें तरच पुढें जाण्यांत अर्थ असतो. त्यानंतर तें द्रव्य पोटांत टिकलें पाहिजे, आंतड्यांतून रक्तांत शिरलें पाहिजे, यकृतानें त्याचा तात्काळ निकाल लावतां कामा नये. हळदीचेंच उदाहरण घ्यावें. तिच्यांतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, काचपात्रांत असंख्य गुण दाखवितें. परंतु तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, रक्तांत अत्यल्प पोंचतें, आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून चांचणी करणाराची फसवणूक करितें. २०१७ सालीं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचा कसून आढावा घेतला, तेव्हां माणसांवर शंभराहून अधिक चांचण्या होऊनही कर्क्युमिनचें यश निर्विवाद सिद्ध करणारी एकही आढळली नाहीं. हळद म्हणून स्वयंपाकघरांतून हद्दपार करावी असें नाहीं. तिच्याकडून आमटीला रंग आणि चव यांची अपेक्षा करावी.

ज्येष्ठमधाची कथा याहून थोडी बरी आहे. त्याच्या गोडीला कारण असलेलें आम्ल कांहीं विषाणूंची वाढ थांबवितें, असें इटालियन संशोधकांनीं १९७९ सालीं ‘नेचर’ पत्रांत प्रसिद्ध केलें. जपानांत जुनाट काविळीवर त्याचीं इंजेक्शनें देण्याचा प्रघात पडला. त्यानें यकृताचा दाह कमी होतो. पण विषाणु जात नाहीं. शिवाय ज्येष्ठमध फार दिवस भरपूर प्रमाणांत घेतला तर रक्तदाब वाढतो आणि अंगांतील पोटॅशियम घटतें. झाडपाल्याला ‘दुष्परिणाम’ नसतात असें मानणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां जेथें वनस्पतीचा खरोखरीच उपयोग झाला, तें उदाहरण पाहूं. तें मसाल्याच्या डब्यांतच आहे. आठ पाकळ्यांच्या चांदणीसारखें दिसणारें चक्रीफूल, ज्याला कोणी बाद्यान म्हणतात, तें फूल नसून एका सदाहरित वृक्षाचें वाळलेलें फळ आहे. चीनच्या दक्षिणेकडील क्वांग्सी प्रांतांत व त्याला लागून असलेल्या व्हिएटनामांत त्याचीं झाडें लावतात. या वृक्षाचा एक विषारी भाऊबंद जपानांत वाढतो. त्याला ‘शिकिमि’ म्हणतात आणि त्याच्या फांद्या बौद्ध लोक थडग्यांवर वाहतात. त्या झाडापासून १८८५ सालीं आयकमन या डच रसायनशास्त्रज्ञानें एक आम्ल वेगळें काढलें, त्याला शिकिमिक आम्ल हें नांव पडलें. जवळजवळ शंभर वर्षें तें केवळ रसायनशास्त्राच्या पुस्तकांत राहिलें. सर्व हिरव्या वनस्पति तें बनवितात, पण फार थोडें. चक्रीफुलांत मात्र त्याचा सांठा असतो.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे कांटे असतात. एकानें तो पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट शर्करेला चिकटतो. आंत शिरून त्याची प्रजा वाढली, कीं बाहेर पडतांना तीही त्याच शर्करेला चिकटून बसते. तेव्हां दुसरा कांटा, न्यूरामिनिडेज नांवाचें एन्झाइम, कात्रीसारखें चालून ती शर्करा कापतें आणि नवे विषाणु मोकळे होतात. ही कात्री विषाणूची स्वतःची आहे. तिच्या पात्यांत बरोबर बसेल असा खडा तयार केला, तर प्रजा जागच्या जागीं अडकून पडते. असा खडा, ओसेल्टामिविर, अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केला आणि स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीनें ‘टॅमिफ्लू’ या नांवानें १९९९ सालीं बाजारांत आणला. आरंभीं त्यांनीं सिंकोन्याच्या सालींत मिळणाऱ्या क्विनिक आम्लापासून सुरुवात केली होती. नंतर शिकिमिक आम्ल अधिक सोईचें ठरलें. त्याच्या कड्याचा सांगाडा आणि त्यावरील अणूंची डावी-उजवी मांडणी झाडानेंच करून ठेविलेली असल्यामुळें रसायनशास्त्रज्ञाचे श्रम वांचतात. तरीही पुढें दहाहून अधिक टप्पे उरतात, आणि त्यांत स्फोटक द्रव्यें हाताळावीं लागतात.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चक्रीफुलांत ओसेल्टामिविर नाहीं, आणि शिकिमिक आम्लानें स्वतः विषाणु मरत नाहीं. घडीव मूर्तीला दगड लागतो, म्हणून दगडाला मूर्ति म्हणत नाहींत. हें न समजल्यामुळें पुष्कळांनीं चक्रीफुलाचा काढा पिण्यास आरंभ केला. त्यांत जपानी जातीचीं विषारी फळें मिसळलेलीं निघाल्यास अनर्थ होतो. २००१ सालीं हॉलंडांत असा चहा पिऊन अनेकांना विषबाधा झाली आणि १९०३ नव्हे, अगदीं अलीकडे, २००३ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें या चहाविरुद्ध, विशेषतः तान्ह्या मुलांना तो पाजण्याविरुद्ध, इशारा दिला.

१९१८ च्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्या वेळीं विषाणु म्हणजे काय हेंही वैद्यांस नीट ठाऊक नव्हतें. २००५ सालीं पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची धास्ती पसरली, तेव्हां देशोदेशींच्या सरकारांनीं टॅमिफ्लूचे सांठे करण्यास सुरुवात केली आणि चक्रीफुलाचे भाव चढले. पिकाचा मोठा भाग मसाल्याऐवजीं कारखान्याकडे वळला. एका मसाल्याच्या हंगामावर जगाचें औषध अवलंबून असावें, ही स्थिति कोणालाही काळजींत टाकणारी होती. २००९ च्या ऑगस्टांत नव्या ‘स्वाइन फ्लू’चा देशांतील पहिला बळी पुण्यांत पडला. शाळा बंद झाल्या, तोंडावर पट्ट्या बांधलेली माणसें रस्तोरस्तीं दिसूं लागलीं, रुमालांत कापूर आणि वेलदोडे बांधून ते हुंगण्याची टूम निघाली. हुंगणाराच्या मसाल्याच्या डब्यांतील चांदणीपासून निघालेलें औषध त्या वेळीं सरकारी रुग्णालयांतून दिलें जात होतें, ही गोष्ट थोड्यांनाच माहीत असेल. सुदैवानें तोंवर शिकिमिक आम्ल करण्याचा दुसरा मार्ग निघाला होता. मिशिगनमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रॉस्ट यांनीं आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूंत फेरफार करून त्याला साखर खाऊं घालून हें आम्ल करवून घेण्याची कृति बसविली. दही विरजावें तसें तें आतां मोठमोठ्या टाक्यांत तयार होऊं शकतें.

या औषधाचेंही स्तोम माजवूं नये. दुखणें सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आंत घेतलें तर त्याचा उपयोग. आणि २०१४ सालीं सर्व चांचण्यांचे मूळ कागद तपासले गेले, तेव्हां प्रौढ माणसाचें सात दिवसांचें दुखणें त्यानें सुमारें सोळासतरा तासांनीं कमी होतें, असा हिशेब निघाला.

वनस्पतींतील द्रव्य जसेंच्या तसें विषाणुजन्य रोगावर लागू पडलें, अशीं उदाहरणें मुख्यतः कातडीवरचीं आहेत. चामखिळी विषाणूमुळें होतात. त्यांच्या एका प्रकारावर पोडोफायलम या झाडाच्या मुळांतील राळ १९४२ पासून लावण्यांत येऊं लागली. त्या झाडाची एक जात हिमालयांत आहे. ही राळ विषाणूला नव्हे, तर वाढत्या पेशीला मारते, आणि ती जहाल असल्यामुळें पोटांत घेण्याची नाहीं. हिरव्या चहाच्या अर्कापासून केलेल्या मलमालाही २००६ सालीं अमेरिकेंत त्याच कामासाठीं परवाना मिळाला. कातडीवर औषध हवें तेवढें दाट लावतां येतें. आंतडें आणि यकृत हे दोन पहारेकरी तेथें आडवे येत नाहींत, हें त्यांच्या यशाचें मर्म.

शेवटीं कोंकणांत परिचित असलेल्या एका झाडाची गोष्ट. समुद्राकांठीं उंडीचीं झाडें असतात. त्यांच्या गोल फळांतील बियांचें तेल पूर्वी घरोघर दिव्यांत जळत असे. १९९३ सालीं याच जातीच्या मलायांतील झाडांपासून एच.आय.व्ही. या विषाणूच्या एका एन्झाइमला अडविणारीं द्रव्यें निघाल्याचें प्रसिद्ध झालें. त्यापूर्वींची हकीकत बोर्निओ बेटावरील सारावाक प्रांतांत घडली. १९८७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठीं वनस्पति गोळा करणारांनीं तेथील दलदलींतून उंडीच्याच कुळांतील एका झाडाचीं पानें व डहाळ्या नेल्या. काचपात्रांत त्यांच्या अर्कानें एच.आय.व्ही.पासून पेशींचें रक्षण केलें. त्यांतील द्रव्याला कॅलॅनोलाइड असें नांव देण्यांत आलें. अधिक माल आणावा म्हणून मंडळी परत गेलीं, तों त्या जागीं झाडच नव्हतें. कोणीतरी तें तोडून नेलें होतें. आसपास त्याच्या जातीचीं म्हणून सांपडलेलीं झाडें तपासलीं, तर त्यांत तें द्रव्य म्हणावें तसें निघेना. पुष्कळ शोधाअंतीं सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानांत पूर्वीं लावलेलीं कांहीं झाडें मिळालीं, तेव्हां काम पुढें सरकलें.

कॅलॅनोलाइड प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनेंही करण्यांत आलें, आणि सारावाकच्या सरकारनें एका औषध कंपनीशीं भागीदारी करून तें माणसांपर्यंत नेलें. सुरक्षितपणाच्या पहिल्या चांचण्या पार पडल्या. परंतु त्याच एन्झाइमला अडविणारीं कृत्रिम औषधें १९९६ पासून बाजारांत येऊन बसलीं होतीं, आणि कॅलॅनोलाइड दुकानापर्यंत पोंचलें नाहीं. ज्या झाडासाठीं एवढी धांवाधांव झाली, त्याचें एक भावंड मात्र त्या शोधांत हातीं लागलें. त्याच्या चिकांत मूळ द्रव्याचाच जुळा भाऊ विपुल असतो. तो काढण्यास कुऱ्हाड लागत नाहीं; सालीला चीर दिली कीं चीक गळतो, आणि झाड उभें राहतें.